मागचं दार

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले चार दातही पडोत. दोघींनी मला वेगवेगळं येऊन सांगितलंय, एकमेकींच्या चुगल्या म्हणून.

माझ्या दोन्ही सुना एकाच प्रयोगशाळेत. एचआयव्हीचा विषाणू पेशीत कुठून शिरतो ते बघायचं, हे काम. तो आधी पेशीवरची कडी धरतो, मग पुढच्या दारानं आत घुसतो. दाराचं नाव सीसीआर-फाइव्ह. पण बदलत बदलत, वर्षांनी, एखाद्याच्या अंगात तो मागचं दारही शिकतो, सीएक्ससीआर-फोर. आणि एक औषध आहे, ते कुलूप लावतं फक्त पुढच्या दाराला.

धाकटी कामाला लागली आणि साहेबांनी पेशंटांच्या रक्ताचे ताजे नमुने तिच्या हाती दिले. थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. जळफळाट इतका, की एकदा पेशी ठेवायचं उबेचं कपाट बंद पडलं, तर थोरली शेजारी बसली होती म्हणून पेशी जगल्या.

मग एक बाई पेशंट आली. तिला नेहमीची औषधं लागू पडेनात. डॉक्टरांनी विचारलं, कुलपाचं औषध देऊ का? ताजा नमुना धाकटीकडे. थोरली मागेल तर ना. तिनं त्याच बाईचा जुना, गोठवलेला नमुना तपासला आणि कळवून मोकळी झाली: फक्त पुढचं दार, द्या खुशाल.

"जाऊबाई, ताजा घ्यायचा होता," धाकटी म्हणाली.

"तुझ्या आधीपासून करतेय मी हे."

"विषाणूही तेव्हापासून रिकामा बसलेला नाही."

धाकटीनं ताजा नमुना नुसतं मागचंच दार असलेल्या पेशींवर टाकला आणि ती माहेरी गेली. विषाणू शिरला की त्या पेशी चमकतात. दोन दिवसांनी थोरलीनं हळूच ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. धाकटीची फजिती बघायला. बघते तर ताटलीभर काजवे.

औषध उद्यापासून सुरू होणार होतं, आणि हे ठाऊक असलेली ती एकटीच. तिनं ताटली झाकली. परत उघडली. मग फोन लावला.

"ते औषध देऊ नका. माझं चुकलं. धाकटीनं पकडलं."

बाईला दुसरं औषध मिळालं, ती सावरली.

आता दातांची काळजी वाटते म्हणून सांगते, फोनवरची शेवटची दोन वाक्यं माझ्या पदरची. थोरली म्हणाली होती, "आम्हाला सापडलं." बाकी सगळं खरं, ते कपाटाचं धरून.