जनरेटरचा रॅम्प

बसवनगुडीतल्या त्या कॉलेजात सगळ्यात आधी रॅम्प मिळाला तो जनरेटरच्या खोलीला.

कारण राष्ट्रीय क्रमवारी. गेल्या वर्षी कॉलेजचं नाव इतकं खाली होतं की प्राचार्य सत्यनारायण सर यादी शेवटाकडून वाचायचे, लवकर सापडायचं. यंदाची माहिती भरायचं काम पुण्याहून नवीनच आलेल्या आसावरीच्या गळ्यात पडलं. त्यात एक प्रश्न होता: दिव्यांगांसाठी रॅम्प किंवा लिफ्ट किती इमारतींना? ऐंशी टक्क्यांहून जास्त असतील तर पूर्ण गुण.

सरांनी सहा इमारती मोजल्या. मुख्य इमारत, ग्रंथालय, कँटीन, जनरेटरची खोली आणि वॉचमनची केबिन या पाचांना रॅम्प बसले. प्रयोगशाळेची तीन मजली इमारत तशीच राहिली. तिला लिफ्ट लागली असती.

"सहातल्या पाच, म्हणजे त्र्याऐंशी टक्के. सरी!" सर खूश. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण हिशेब जमला की 'बरोबर'सुद्धा कानडीतूनच निघायचं.

"सर, संहिताचं प्रॅक्टिकल तिसऱ्या मजल्यावर असतं."

संहिता व्हीलचेअरवर. दोन वर्षं मैत्रीण वरून व्हिडिओ कॉल लावायची आणि ही जिन्याखाली बसून रसायनाचा रंग बदलताना बघायची. आता शेवटची परीक्षा होती. स्वतःच्या हातानं करा, नाहीतर शून्य.

"तिला म्हणावं, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर. आधी रँक येऊ दे."

आसावरी बाहेर आली. संहिता जनरेटरच्या रॅम्पवर डबा खात होती.

"मॅडम, झकास उतार आहे. जनरेटर बिचारा इतकी वर्षं आतच बसून होता."

"तुला गंमत सुचतेय?"

"मग रडू? ते सोडा, ती केबिन बघा."

वॉचमन पवनकुमार केबिन ढकलत सावलीत नेत होता. केबिनला चार चाकं होती. तिचा रॅम्प मागे उन्हात एकटाच उभा.

"ती इमारत नाहीये, मॅडम," संहिता म्हणाली. "ती आमच्यातली आहे."

आसावरी उलट पावली सरांच्या खोलीत गेली. "सर, केबिन वजा. पाचातल्या चार. बरोब्बर ऐंशी. आपल्याला ऐंशीहून जास्त हवेत."

सरांचा चेहरा पडला. "लिफ्टला वर्ष जाईल हो, अक्का!"

"मग प्रयोगशाळाच इकडे खाली आणू. ती इमारत रिकामी झाली की मोजायलाच नको. चारातल्या चार. शंभर टक्के."

"शंभर?" सरांनी तिथल्या तिथे सही ठोकली. "आणायची कुठे पण?"

"तळमजल्यावर मोठी, नळ असलेली खोली एकच आहे. आपण बसलोय ती."

"आणि मी?"

"तिसरा मजला रिकामाच आहे, सर. फक्त तुम्ही बसलात की ती इमारत परत मोजावी लागेल."

प्रयोगशाळा खाली आली आणि सर चार दिवस तीन मजले चढले. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली, पहिल्यावर पाणी. पाचव्या दिवशी त्यांनी लिफ्टवाल्याला स्वतः फोन केला. वर्षाचं काम महिन्यात उरकलं.

उद्घाटन नेमकं परीक्षेच्या दिवशी. "ही सोय संहितासाठी," असं म्हणून सर पहिले आत शिरले आणि दार धरून उभे राहिले. "ये गं!"

"तुम्ही व्हा पुढे, सर," समोर प्राचार्यांच्या जुन्या खोलीच्या खिडकीतून संहिता ओरडली. तिची नजर हातातल्या काचेच्या नळीवर होती. एक थेंब पडला आणि खालचं पाणी गुलाबी झालं. "मी कामात आहे."