नॉमिनी

लालबागचं घर विकायला निघालेल्या हितेंद्रचं डोकं घेणाऱ्याच्या वकिलाने पार फिरवलं.

"तुमच्या बहिणीची सही लागेल," वकील म्हणाले.

"कशाला? सोसायटीत बाबांनी नॉमिनी मलाच केलंय."

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आईवडील दोघंही गेले, मृत्युपत्र नाही, म्हणजे वारस तुम्ही दोघं. तिची सही नसेल तर व्यवहार होणार नाही."

हितेंद्र चडफडतच माहीमला मेघनाताईकडे गेला. बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, नुसती एक सही हवीय. घर विकतोय."

ताईचा चेहरा उतरला. "गिऱ्हाईक ठरलं, वकील आला, आणि मला आज सांगतोयस? बाबांच्या आजारपणात त्याच घरात वर्षभर मी राहिले ना रे?"

"अगं, मला वाटलं, नाव माझंच आहे..."

"तुला वाटलं. आता मला विचार करू दे."

ती विचारच करत राहिली. वाट बघून कंटाळलेल्या गिऱ्हाईकाने परळला दुसरं घर घेतलं. हितेंद्रने घरातल्यांसमोर ताईला खूप बोल लावले. पण पुढचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्याने सगळ्यात आधी तिलाच फोन लावला. तिने तो उचलला नाही.