किचनची मधली भिंत

बद्रीनाथने भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि ही भिंत काही कामाची नाही, असं जाहीर केलं. बद्रीनाथ म्हणजे आमचा इंटिरिअर डिझायनर. पुंडलिकनगरातल्या आमच्या घराचं किचन नवं करायचं म्हणून यांनी त्याला बोलावलं होतं. हॉल आणि किचन यांच्यामध्ये ती एकच भिंत. ती पाडली की उजेड येईल, हवा खेळेल, घर मोठं दिसेल, असं तो यांच्याकडे बघून सांगत होता. ओट्याची उंची ठरवायला माझी उंची हवी होती, तीही त्याने यांनाच विचारली. मी तिथंच उभी होते. यांनी ती चांगली चार बोटं वाढवून सांगितली.

बाकी पोरगा हुशार, ते मी नाकारत नाही. गॅस, सिंक आणि फ्रिज त्रिकोणात ठेवा, बाईची पायपीट वाचते. पांढरा क्वार्ट्झ दिसतो छान, पण आपल्याकडे हळद सांडते, तेव्हा काळा ग्रॅनाईटच बरा. सिंकखाली साधं प्लायवुड घालाल तर फुगेल, तिथं पाण्याला टिकणारंच लावा. खाली कप्पे नकोत, ओढायचे ड्रॉवर करा, म्हणजे मागच्या डब्यासाठी जमिनीवर लोळण घ्यावी लागत नाही. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आमच्या शहरात ड्रम कुठं ठेवायचा, असं मी विचारलं, तर त्याने त्यालाही कोपरा काढून दिला. सगळं पटलं. भिंतीचं पटेना.

त्याचं कारण आमचे सासरे, नानासाहेब. सासूबाई गेल्या आणि ते खुलताबादेकडचं शेत वाट्याने देऊन आमच्याकडे राहायला आले. आमच्या घरचं वळण असं, की सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय येत नाही, खुर्चीवर बसत नाही आणि थेट बोलत तर नाहीच. काही सांगायचं तर यांच्यामार्फत. नानासाहेबही वळणाचे पक्के. चहा हवा असो की पाणी, किचनच्या दारापाशी यायच्या आधी खाकरतात. खाकरले की मी पदर घ्यायचा, मग त्यांनी यायचं.

भिंतीच्या आत मात्र माझं राज्य. पदर कमरेला खोचलेला. तव्यावरची पहिली भाकरी ठेचा लावून उभ्यानेच खायची. बहिणीशी, सारजाशी, फोनवर बोलताना पोट धरून हसायचं. चिडले तर भांडी आपटायची. ती भिंत गेली की दिवसभर मी सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर, गॅसच्या तोंडाशी, डोक्यावर पदर घेऊन. उजेड येईल म्हणे. उजेड काय चाटायचाय?

आमचे हे वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. त्यांच्या साहेबाच्या फ्लॅटमध्ये त्यांनी ओपन किचन पाहिलं आणि तेव्हापासून ते डोक्यात घेतलं. मी म्हणाले, मला अवघड होईल. तर म्हणाले, आता कोण पाळतंय पदरबिदर, नको घेऊस. पण हे सांगताना आवाज इतका खाली, की हॉलमध्ये नानासाहेबांना ऐकू जाऊ नये. मग मी विचारलं, नानांना तरी विचारलंत का? विचारलं होतं. तुमचं घर, तुम्ही बघा, असं ते म्हणाले होते. झालं. ज्याला सांगायचं त्याच्याशी बोलायची सोय नाही आणि ज्याच्याशी बोलायची सोय आहे त्याला ऐकायचं नाही.

त्या दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वरणात मीठ दोनदा पडलं. डबे रिकामे करून बेडरूममध्ये रचायचे होते, तर एक डबा घेऊन मी घरभर फिरत राही. मिस्त्रीने भिंतीवर खडूने मोठी फुली मारून ठेवली होती. तिच्याकडे पाठ करून मी भाकरी थापायचे. नानासाहेबांचंही काही ठीक दिसत नव्हतं. हॉलमध्ये येरझारा घालायचे, खुर्ची या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचे. मला वाटलं, पसाऱ्याला वैतागले असतील.

भिंत पाडायच्या दिवशी फकिरा मिस्त्री घण घेऊन आला. यांनी रजा टाकली होती. बद्रीनाथ टेप उलगडून उभा. मी आत सगळ्यांसाठी चहा टाकला होता, आणि दाराबाहेर नानासाहेब खाकरले. माझा हात पदराकडे गेला. पदर डोक्यावर येईस्तोवर माझ्या तोंडून निघून गेलं,

"मामा, ही भिंत पाडू देऊ नका. मला आडोसा लागतो."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द. हे जागच्या जागी उभे राहिले. नानासाहेब दारात खाली बघत होते.

"म्या तेच इचारायला आलतो," ते म्हणाले. "भिंत गेल्यावर म्या खाकरायचं कुठं?"

मग हे चिडले. आधी का नाही सांगितलंत, म्हणाले.

"सून काय बोलली नाय. म्हनलं, तिलाच पायजे आसंल."

बद्रीनाथने सरकत्या काचेचं पार्टिशन सुचवून पाहिलं. काचेतून दिसतंय की, असं म्हणून नानासाहेबांनी ते उडवून लावलं. फकिराने घण खाली ठेवला आणि चहा मागितला.

भिंत राहिली. फ्रिज दाराशी सरकला, बद्रीनाथचा त्रिकोण वाकडा झाला. ग्रॅनाईट काळाभोर, ड्रॉवर लोण्यासारखे सरकतात. ओटा तेवढा चार बोटं उंच झालाय. पाटावर उभी राहून भाकरी थापते.

आता नानासाहेब दारात उभे राहून एखादा शब्द बोलतात. परवा मी फोनवर सारजाशी खदखदून हसत होते. हसून झालं, फोन ठेवला, तेव्हा कुठं ते खाकरले. मी पदर घेऊन चहा दिला.

"तुजी सासू बी आशीच हसायची, बायांसंग, चुलीपाशी," ते म्हणाले. "म्या भाईर थांबायचो. तिचं हसून झालं की मग खाकरायचो."

मला भरून आलं. एवढी वर्षं हा माणूस आमचं हसणं संपायची वाट बघत बाहेर उभा होता. आणि पाठोपाठ रागही आला. तिनं आतच हसायचं, मीही आतच हसायचं, आणि त्यासाठी मी या विटांच्या पाया पडायचं.

"मामा," मी म्हणाले, "अन् म्या भाईर येऊन हसले तर?"

ते कपात बघत राहिले. मग खाकरले. आणि डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढायला मेला माझा हात वर गेलाच.