पाकिटाची पाठ वाचणारं भिंग

मित्रांनो, जरा जवळ या. मी एक जुनं भिंग आहे, आणि जवळ आल्याशिवाय माझं काही चालत नाही.

काच घासून घासून मला पोट आणलं, पितळी कडं चढवलं, शिसवी मूठ दिली. मग नांदेडच्या जमीन मोजणीच्या कचेरीत, दत्तोपंतांच्या हातात माझी सारी उमर गेली. बांधावरून डोकी फोडायला निघालेली भावकी माझ्यातून नकाशा बघून गुमान घरी जायची. काय माझा रुबाब! पुढं पंत निवृत्त झाले, घरात मोबाइल आले आणि मी कपाटात, तुटक्या चष्म्यांच्या शेजारी जाऊन पडलो.

परवा मात्र कपाट धाडकन उघडलं!

घडलं असं. दत्तोपंतांच्या पत्नी लताबाईंना मूत्रपिंडाचा आजार. गेल्या साली रक्तातलं पोटॅशियम वाढलं, हृदयाचे ठोके चुकायला लागले. ऐन येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सारा लातूर जिल्हा शेतात जेवत असताना, लताबाई दवाखान्यात! यंदा रिपोर्ट सुधारला, तोच किल्लारीहून मैत्रिणीचा, सिंधुताईंचा फोन. "लते, औंदा न्हाई आलीस तर तुझं-माझं तुटलं बघ!"

पण येळवशीची भज्जी म्हणजे ओले दाणे, शेंगा, पालेभाज्या. लताबाईंना ती वर्ज्य, पोटॅशियममुळं. म्हणून लेक अपूर्वा तयार जेवणाची पाकिटं घेऊन आली. वर ठळक अक्षरं : 'कमी सोडियम. पथ्याला उत्तम.'

दत्तोपंतांनी एक फोडून चाखलं. या घरात पथ्याचा निवाडा त्यांची जीभ करायची. "वा! झकास लागतंय. चला, निघू!"

लताबाईंचे डोळे बारीक झाले. "मीठ कमी, अन् तुम्हाला झकास? माझं अळणी वरण तर तुम्ही हळूच बाजूला सारता. मग हे खारट कशानं झालं?"

अपूर्वानं मोबाइल धरला, पण पाकीट असं चकाकत होतं की फोटोत नुसता उजेडच.

"अहो, तुमचं भिंग काढा!"

मी पाकिटाच्या पाठीवर उतरलो. मुंगीएवढी अक्षरं फुगत गेली. तांदूळ... मूगडाळ... आणि मिठाच्या जागी पोटॅशियम क्लोराइड!

"आई गं!" अपूर्वा मटकन खाली बसली. "सोडियम कमी केलं, अन् तुला नको तेच घातलं."

"बसतेस काय? दुधी चिर," लताबाई म्हणाल्या. "अन् यांच्या जिभेला आज सुट्टी!"

आहारतज्ज्ञ बाईंनी शिकवल्याप्रमाणं, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून फोडी भरपूर पाण्यात उकळल्या, पाणी ओतून दिलं. मोजकं मीठ, पांढरा भात. डबा भरला आणि आम्ही निघालो. हो, आम्ही! मीसुद्धा!

शेतात सिंधुताईंनी भिंगाची सारी हकीकत ऐकत लताबाईंचा डबा पहिल्या पंगतीत मांडला. मग लाडानं 'बिनमिठाच्या' लाह्यांचं पाकीट पुढं केलं आणि स्वतःच हात मागं घेतला.

"थांब गं! तोंडात घालू नकोस. आधी ते भिंग काढ!"

मित्रांनो, मला उन्हात उघडं टाकू नका, कडबा पेटेल. आणि घरातल्या आजारी माणसाला पाकीट देताना पाकिटाच्या गोड चेहऱ्यावर जाऊ नका, एकदा पाठ वाचा. डोळे थकले तर मला हाक मारा. मात्र कपाटात शोधू नका. मी आता लताबाईंच्या पिशवीत असतो.