गुडघा उडाला नाही

मी हातोडी बोलतेय. खिळे ठोकणारी नव्हे. रबरी डोक्याची, डॉक्टरांची. गुडघ्याखाली मला हलकेच मारलं की पाय आपोआप उडतो. नाही उडाला, तर आत काहीतरी बिनसलंय असं समजायचं. एवढ्या एकाच कामासाठी माझा जन्म.

आणि आमचे डॉक्टर माझ्याकडून काय करून घेतात? टेबलावर दोनदा ठोकतात. म्हणजे पुढचा पेशंट आत. माणूस वाईट नाही, पण बाहेर बाकावर गर्दी दिसली की यांचा हात आधी माझ्याकडे येतो.

त्या सोमवारी एक बाई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. आठवड्यापूर्वी पोरीला सर्दी-ताप होता, औषध इथूनच नेलेलं. ताप उतरला, पण आता ती डावा पाय ओढत चालत होती.

"सकाळपासून हे असं," आई म्हणाली. "घरचे म्हणतात, शाळा बुडवायचे नखरे आहेत."

"माझा पाय ऐकतच नाही," पोर म्हणाली.

"अहो, तापानंतर अशक्तपणा असतोच," डॉक्टर म्हणाले. "टॉनिक द्या. चार दिवसांत पळायला लागेल."

मी तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होते. डॉक्टरांनी मला उचललं तेव्हा वाटलं, चला, सुचलं एकदाचं. त्यांनी मला टेबलावर दोनदा ठोकलं.

बुधवारी बापाने तिला उचलून आणलं. तेव्हा कुठे मी तिच्या गुडघ्याला लागले. उजवा पाय उडाला. डावा नुसता लोंबत राहिला. डॉक्टरांनी पुन्हा मारून पाहिलं, परत एकदा पाहिलं, मग घाईघाईने मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली. सर्दीच्या विषाणूपायी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आली होती, असं तिथे निघालं. फार क्वचित होतं म्हणे. अहो, क्वचित होतं तेच शोधायला तर मला ठेवलंय ना?

डाव्या पायात पुन्हा जोर आला नाही. दोन दिवस आधी कळलं असतं तर पाय वाचला असता का, हे तिथले डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. याच विचाराने माझा जीव जळतो. लोकहो, मूल पाय ऐकत नाही म्हणालं, तर त्याला खोटं पाडण्याआधी निदान गुडघा तरी तपासून घ्या.

परवा ती पोर खोकल्यासाठी आली. डाव्या पायाला आधाराचे पट्टे लावलेले, एक हात आईच्या खांद्यावर. दुसऱ्या हाताने तिने मला उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"डॉक्टरकाका, मी पहिल्यांदा आले तेव्हा हे इथेच होतं?"

"होतं, बाळा."

"मग मारलं का नाही?"

डॉक्टरांनी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. पोर त्यांच्या उत्तराची वाट बघत उभी होती, आणि मीही.