दिवसातून एकदाच

ये, बस इथे खिडकीशी, म्हणजे समोरचं फाटक दिसेल. उद्या पहाटे पाचला त्यातूनच आत जायचंय ना तुला? मग आज माझी एक हकिगत ऐकून जा. तूही माझ्याच मुलखातला म्हणून सांगतो. त्यात खोटं अक्षर नाही आणि गोड तर काहीच नाही. वाइन घे, पण हळू. इथे घटाघटा ओतली की लोक बघतात.

पोर्तुगालातून डोंगर ओलांडून आलो तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. या कत्तलखान्यात मला बादलीवर ठेवलं. डुकराला मागच्या पायाने उलटं टांगायचे. गळ्यात सुरा गेला की मी धार बादलीत धरायची, आणि रक्त गोठू नये म्हणून कोपरापर्यंत हात घालून ढवळत राहायचं. त्याच रक्ताचं सॉसेज ही माणसं रविवारी सफरचंदाच्या फोडींबरोबर चवीने खातात. दिवसाला दोनशे डुकरं. त्यांचं किंचाळणं पहिले आठ दिवस झोपेतही ऐकू येतं. मग सुट्टीच्या दिवशी ते ऐकू आलं नाही की चुकल्यासारखं वाटतं.

आपल्या गावात कसं, मोठ्या माणसापुढे टोपी काढायची, मान खाली घालायची. हात पुढे केला तर थोबाडीत बसायची. मी इथेही तेच केलं. टोपी काढली, मान लववली, बादली उचलली. तिसऱ्या दिवशी माझी टोपी रक्ताच्या टाकीत तरंगत होती.

"कोण समजतो रे स्वतःला? राजेसाहेब?" गुल्वेन ओरडला. मान बैलासारखी, आवाज त्याहून जाड. डुकरांची मुंडकी आणि पाय कापायची टेबलावरची करवत त्याच्याकडे. "आमचे हात घाण वाटतात होय तुला?"

मला कळेचना. मी तर मान देत होतो त्यांना!

आतडी धुणारी स्वाझिग म्हणून एक बाई होती. तोंडाने फटकळ, पण मनाने सोनं. तिने मला कोपऱ्यात घेतलं. "अरे येड्या, मान खाली घालून फिरणारा इथे चोर दिसतो. सकाळी आलास की एकेकाकडे जा. डोळ्यांत बघ, बोंजूर म्हण, हात दे. एकालाही सोडू नकोस."

"आणि हात रक्ताने भरलेला असला तर?"

"मग मनगट पुढे कर. तेही भरलेलं असलं तर कोपर. पण काहीतरी दे. ज्याचं बोंजूर नाही तो इथे मेला म्हणून समज."

दुसऱ्या सकाळी मी सगळ्यांना हात दिला. काय सांगू गड्या, आयुष्यात कुठल्या मुकादमाने माझा हात हातात घेतला नव्हता. माणूस झाल्यासारखं वाटलं. तेच अंगाशी आलं. दुपारचं जेवण झालं आणि मी त्याच आनंदात पुन्हा हात देत सुटलो. पहिले दोघे-तिघे नुसते बघत राहिले. मग गुल्वेन.

"सकाळी दिलास की," तो म्हणाला.

"मग काय झालं? बोंजूर, गुल्वेन!"

मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. "गुल्वेन, तुझं थोबाड लक्षातच राहत नाही म्हणे त्याच्या!"

एका दिवसात दोनदा बोंजूर केलं म्हणजे सकाळच्या भेटीला तू कचऱ्यात टाकलंस, समोरच्याला खिजगणतीत धरलं नाहीस. हे स्वाझिगने सांगितलंच नव्हतं. गुल्वेनची मूठ आली आणि माझे दोन दात गेले. मी रक्ताच्या गटारात पडलो, उठलो, आणि बादलीचा काठ त्याच्या भुवईवर हाणला. त्याचं कातडं डोळ्यावर लोंबलं. चौघांनी मिळून आम्हाला सोडवलं.

तेव्हापासून तो रोज सगळ्यांना हात द्यायचा, मला सोडून. माझ्यापाशी आला की नजर माझ्यातून आरपार.

असं अकरा महिने. तू म्हणशील, एवढं काय त्यात. आत सोललेली डुकरं वरच्या लोखंडी रुळावरून आकड्यांना लटकून उताराने येतात. आकडा सुटला की वर ज्याची पाळी असेल तो माणूस ओरडतो, "सांभाळ!" फेब्रुवारीत दीडशे किलोचं धूड माझ्या पाठीत बसलं. तीन बरगड्या मोडल्या. जमिनीवरून वर बघितलं, तर उताराच्या डोक्यावर गुल्वेन उभा. तो सगळं बघत होता. ओरडला नव्हता.

सप्टेंबरात मी वर होतो. तो खाली, करवतीवर, माझ्याकडे पाठ करून. एका भल्या मोठ्या डुकरिणीचा आकडा खाचेतून सुटताना मी बघितला. एक शब्द म्हणायला वेळ होता. मी तोंड उघडलं.

आणि मिटलं.

धूड त्याच्या पाठीवर आदळलं. करवतीचा आवाज बदलला. हाड कापल्याचा आवाज आम्हाला रोजचा, तरी सगळे एकदम वळले. त्याचा उजवा पंजा डुकरांच्या पायांच्या ढिगात जाऊन पडला होता आणि कुणालाच पटकन सापडेना.

उतारावरून कसा खाली आलो, माहीत नाही. माझा पट्टा त्याच्या हाताला आवळला. धार थांबेना, तेव्हा दोन्ही हातांनी दाबून धरला. रक्त धरायचा धंदाच होता माझा. मांसाच्या गाडीत, टांगलेल्या डुकरांच्या मध्ये, दवाखान्यापर्यंत चाळीस मिनिटं. स्वाझिगने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तू बघितलंस," तो म्हणाला.

"हो."

"फेब्रुवारीत मीपण बघितलं होतं."

"ठाऊक आहे मला."

वळणावर गाडी हेलकावली, रक्त उसळलं. मी आणखी आवळलं. त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग जरा दम खाऊन म्हणाला, "आज आपलं बोंजूर नाही झालेलं."

"नाही झालं."

"मग कर की, डुकरा. हात धरून तर बसलायस."

"बोंजूर, गुल्वेन."

"बोंजूर, आदेलिनु."

अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं. स्वाझिग रडता रडता हसत होती.

चार महिन्यांनी तो परत आला, फाटकावरचा पहारेकरी म्हणून. पहिल्या सकाळी उजवी बाही पिनेने वर दुमडलेली, आणि तोच हात त्याने पुढे केला. डावा नाही. हात नसला तर मनगट, मनगट नसलं तर कोपर. माझी टोपी टाकीत टाकणारे बहाद्दर सगळे माना खाली घालून आत सटकले. कोणी जाता जाता खांदा थोपटला. त्याचा हात तसाच हवेत.

माझी पाळी आली. मी धरला. कापडाखाली गरम होता, धडधडत होता. बोटं कुठे ठेवायची ते मला विचारावं लागलं नाही.

चौदा वर्षं झाली त्याला. तो बघ, आज रविवार आहे तरी आलाय, डाव्या हाताने फाटकापाशी झारीने फुलांना पाणी घालतोय. उद्या तुझ्यापुढे तो ती दुमडलेली बाही करेल. खाली बघू नकोस. मान तर मुळीच लववू नकोस. डोळ्यांत बघ, बोंजूर म्हण, आणि कोपराखाली घट्ट धर. एवढं माझ्यासाठी कर. संध्याकाळी सुटशील तेव्हाही तो तिथेच उभा असेल.

तेव्हा मात्र धरू नकोस.