लिंबाच्या बेचक्यातला गेलास

मेंढरांच्या वासाची मला कधी किळस आली नाही. त्याच वासात मी जन्मले. किळस येते ती अत्तर शिंपडलेल्या रुमालाची, आणि तो रुमाल नाकाला लावून माझ्या मायला "मोकळेपणानं बोला हं मावशी" म्हणणाऱ्या बाईची.

ती बाई म्हणजे श्रेया मॅडम. संभाजीनगरात हर्सूलच्या रस्त्याला तिचं यूट्यूब चॅनल आहे आणि मी तिथं व्हिडिओ शूट आणि एडिट करते. 'मोकळं बोलू' हा तिचा लाडका कार्यक्रम. जातीवर कुणी बोलत नाही, म्हणून दोन समाजांची माणसं समोरासमोर बसवायची आणि मनातली जळमटं काढायची. ऐकायला छान वाटतं. ऑफिसात मात्र मी डबा उघडला की कुणीतरी उठून खिडकी उघडतं.

त्या उन्हाळ्यात पाणी सगळीकडंच आटलं होतं. बिडकीनकडं आम्ही जिथं मेंढरं चारायचो, ती माळरानं कारखान्यांच्या तारेच्या कुंपणात गेली होती. उरलं होतं तात्यासाहेबांचं शेत. त्यांनीही बरीच जमीन कारखान्यांना दिली, पण विहिरीचा तुकडा राखला होता. माझी माय म्हाळसाबाई दर उन्हाळ्यात त्या शेतात मेंढरं बसवते. म्हणजे कळप रातभर रानात कोंडायचा. लेंड्या आणि मूत शेताला, धान्य आणि विहिरीचं पाणी आम्हाला. ती विहीर नसती तर पावसाळ्यापर्यंत कळपातलं एक शेपूट शिल्लक राहिलं नसतं.

तात्यासाहेब श्रेया मॅडमचे सख्खे काका. मला नोकरी लागली ती त्यांच्याच शब्दावर, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगत.

"आपल्या घरचंच उदाहरण आहे," मॅडम म्हणाली. "काका आणि तुझी आई. शेतकरी आणि धनगर. एकदम खरं वाटेल."

शूटिंग शेतातच होतं. मॅडमनं कुठून तरी भंडाऱ्याची पिशवी आणली होती. पडद्यावर पिवळा रंग उठून दिसतो म्हणे. तिनं काकांच्या कपाळाला भंडारा लावला, मायच्या लावला, स्वतःलाही लावून घेतला. तिच्या लेखी ती सजावट होती. आमच्यात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उठवायच्या दिवशी मालक आणि मेंढपाळ भंडारा लावून बसतात. हंगामभराची कुरबुर तेव्हा बोलून टाकायची. बोलणाऱ्यानं खोटं बोलायचं नाही, ऐकणाऱ्यानं मनात ठेवायचं नाही, खंडोबा मधे असतो. मायला वाटलं, ही तीच बैठक. मी कॅमेऱ्यामागं होते. तिला सावध करायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

"काकांच्या घरी तुम्हाला कधी वेगळं वागवलं का?" मॅडमनं विचारलं.

मायनं कपाळाला हात लावून पाहिला. भंडारा होता. मग ती बोलली.

"वागिवलं की. मालक चांगले हायेत, पन घराची रीत हाये. आमच्या मेंढराची लेंडी शेतात चालती, आमी वसरीवर चालत नाय. वास येतो म्हनत्यात. आमचा गेलास अलग ठेवत्यात. माझ्या पोरीला लहानपनी तहान लागली, तिनं घरातला तांब्या उचलला, तर काकूंनी तो राखेनं तीनदा घासला. पोरगी बघत व्हती."

पोरगी बघत होती. आत्ताही कॅमेऱ्यातून बघत होती.

तात्यासाहेबांचं तोंड उतरलं. मॅडमचे डोळे मात्र भरून आले. तिनं रुमाल नाकावरून काढून डोळ्यांना लावला आणि मायला मिठी मारली. ती मिठी दोनदा घेतली, पहिल्यांदा माईक आडवा आला होता. भाग भन्नाट चालला. मॅडमला कुठल्याशा कॉलेजानं भाषणाला बोलावलं.

आणि तात्यासाहेबांनी विहिरीची मोटार बंद केली. भांडण नाही, शिवी नाही, नुसता निरोप: वाडा उठवा, रान नांगरायचं आहे. दर साल वाडा पावसाच्या तोंडाशी उठायचा, यंदा भर उन्हात, धुळीत, रान नांगरायचं होतं त्यांना.

मी मॅडमकडं गेले.

"काका दुखावलेत गं," ती म्हणाली. "आपण दुसरा भाग करू. समेटाचा. आईंनी फक्त सांगायचं की गैरसमज झाला. काकू स्वतः पाणी देतील. संवाद पूर्ण होईल. पाणीही सुरू होईल." तिला हे सांगताना लाजही वाटली नाही. वर फोनमध्ये नोंदही करून घेतली.

मायला सांगितलं तेव्हा ती कोकराच्या तोंडाला ओला बोळा लावत होती.

"जाऊ नको, माय. मी नोकरी सोडते."

"तुझी नोकरी मेंढरं पितीन व्हय?" ती म्हणाली. "पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर धरलं म्या. चूक झाली."

"चूक तुझी नाय."

"नसंल. तहान तर माझ्याच मेंढरांची हाये."

दुसऱ्या शूटिंगला मायला ओसरीवर खुर्ची मिळाली. जन्मात पहिल्यांदा. मॅडमनं भंडाऱ्याची पिशवी काढली तशी माय मागं सरकली.

"आज भंडारा नको, बाई."

"मागच्या भागात होता ना मावशी. नसला तर विचित्र दिसेल."

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी कॅमेरा बंद करून तिला घेऊन निघायला हवं होतं. पण कुंपणाशी मेंढरं माना टाकून उभी होती, आणि ती मलाही दिसत होती. मॅडमनं भंडारा लावला, चांगला ठळक. माय खाली बघत, पाठ केल्यासारखं बोलली.

"तो गेलास आमच्यासाठी नव्हता. कोकरांना औषिद पाजायला व्हता. म्याच सांगताना चुकले. या घरात आमाला कुनी अलग धरलं नाय."

माझी माय खंडोबाला मधे ठेवून आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि श्रेया मॅडम "सुंदर, सुंदर" म्हणत होती. तात्यासाहेब मिशीवर हात फिरवत होते.

मग मनकर्णाकाकू, तात्यासाहेबांच्या पत्नी, स्टीलच्या कोऱ्या गेलासात पाणी घेऊन आल्या. मायनं सवयीनं मान वर करून, ओठ न लावता पाणी तोंडात सोडलं.

"कट," मॅडम म्हणाली. "मावशी, ओठ लावून प्या. लोकांना ते दिसायला हवं."

माय ओठ लावून प्याली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या, फक्त बोटांच्या टोकांनी.

मोटार सुरू झाली. माय जवळजवळ पळतच हौदाकडं गेली. मी सामान आवरून गोठ्याच्या बाजूनं निघाले, तर गोठ्याशेजारचा लिंब दिसला. त्याच्या बेचक्यात वर्षानुवर्षं आमचा जर्मनचा, अल्युमिनियमचा, गेलास खोचलेला असायचा. आज तिथं स्टीलचा होता. कोरा. मायच्या ओठांचा ओलावाही वाळला नसेल, इतक्यात त्याला त्याची जागा मिळाली होती. मी कॅमेरा उचलला आणि तो टिपला.

माय मागं येऊन उभी राहिली. तिनंही पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आधीचा लई चेपला व्हता."

तिच्या आवाजात टोमणा असता तर मी सहन केलं असतं. टोमणा नव्हता. मी तिथंच खाली बसले आणि रडले, आणि माय माझ्या डोक्यावरून हात फिरवत मेंढरं मोजत राहिली.

एडिटिंगला मॅडम माझ्या खुर्चीमागं उभी होती, रुमालासकट. गेलासाचं दृश्य आलं तशी तिनं मला थांबवलं. मला वाटलं, ओळखलं.

"हे किती गोड आहे. झाडात गेलास. गावाकडची माणुसकी. शेवट याच्यावरच करू, मागं बासरी टाक."

त्या गेलासासाठी ही बाई मिठी मारून रडली होती. तो ठेवतात कुठं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मी बासरी टाकली. तात्यासाहेबांना दाखवलं, तेही खूश झाले, आपला लिंब छान आलाय म्हणाले. त्यांच्या घरात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

भाग लागला. खाली फुलं, नमस्कार, 'अशीच माणसं हवीत'. त्यात एक ओळ बद्रीनाथची. तो अजिंठ्याकडचा मेंढपाळ, पूर्वी आमच्या वाड्याबरोबर फिरायचा आणि त्याच शेतात मेंढरं बसवायचा. त्यानं लिहिलं होतं: 'लिंब तोच हाये. गेलास नवा केला वाटतं.'

श्रेया मॅडमनं त्याला लाल बदाम दिला.